एकच प्रश्न, दोन महिने : धरमपेठेतील ग्रीक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासवर्गाचे परीक्षण

नागपुरात व्याख्यानमालांची परंपरा जुनी आहे आणि तत्त्वज्ञानावर बोलणाऱ्यांची व ऐकणाऱ्यांचीही येथे उणीव नाही. मात्र एकच प्रश्न हाती घेऊन दोन महिने त्याचा पाठपुरावा करणारा, आणि तोही संपूर्णपणे मराठीतून चालणारा वर्ग क्वचितच पाहायला मिळतो. धरमपेठेतील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी सायंकाळी दोन तास चाललेला असा एक अभ्यासवर्ग नुकताच संपला. विषय होता : प्राचीन ग्रीक विचारवंतांनी परिवर्तनाचे स्वरूप कसे समजून घेतले. पुढील तुकडीसाठी नाव द्यावे की नाही, अशी विचारणा अनेकांकडून होत असल्यामुळे हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. निर्णय आधीच सांगतो. वर्ग अवश्य करावा असा आहे. त्याचा मोठा भाग मराठीत सहसा न आढळणाऱ्या दर्जाचा होता. परंतु शेवटच्या भागात, जेथे सर्व धागे एकत्र यायला हवे होते तेथे, वेळेचे नियोजन फसले आणि ही उणीव किरकोळ नाही.

शिकवणाऱ्या मॅडम महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली : ‘जे नव्हते ते कोठून आले? जे होते ते कोठे गेले?’ त्यानंतर प्रत्येक विचारवंताकडे याच दोन प्रश्नांच्या अंगाने पाहायचे, असा वर्गाचा नियम ठरला. ग्रीक तत्त्वज्ञानाचा परिचय बहुधा व्यक्तींच्या ओळीने करून दिला जातो. एकामागून एक नावे येतात, प्रत्येकाचे एक मत सांगितले जाते आणि ती मते एकमेकांशी का भांडत आहेत हे कळतच नाही. येथे तसे झाले नाही. पुढचा विचारवंत मागच्याच्या कोणत्या विधानाला उत्तर देत आहे, हे प्रत्येक वेळी आधी स्पष्ट केले गेले आणि मगच त्याचे मत मांडले गेले.

आरंभ अर्थातच मिलेटसपासून झाला. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरील या नगरात थेलीस, अनॅक्झिमँडर आणि अनॅक्झिमिनीज हे तिघे इ.स.पू. सहाव्या शतकात होऊन गेले. इ.स.पू. ५८५ च्या सूर्यग्रहणाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या थेलीसचा ‘सर्व काही पाण्यापासून’ हा सिद्धान्त मॅडमनी थोडक्यात आटोपला, आणि ते योग्यच होते, कारण पाण्याचे इतर पदार्थ कसे होतात याविषयी थेलीसचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. अनॅक्झिमिनीजपाशी मात्र त्या थांबल्या. मूळ द्रव्य हवा असे मानून हा विचारवंत तेवढ्यावर थांबत नाही. हवा विरळ झाली की अग्नी होते, दाट झाली की क्रमाने वारा, ढग, पाणी, माती आणि दगड होते, अशी परिवर्तनाची रीतही तो सांगतो. त्याचा पुरावा सगळ्यांना जागच्या जागी करून पाहायला लावण्यात आला. तळहात तोंडासमोर धरून ओठ आवळून फुंकर घातली की हवा गार लागते आणि तोंड मोठे उघडून उच्छ्वास सोडला की ती उष्ण लागते. आजचे भौतिकशास्त्र या अनुभवाचे कारण वेगळे देते, हेही लगेच सांगण्यात आले. परंतु गुणातील फरक हा घनतेतील, म्हणजेच प्रमाणातील फरकाने समजावता येतो, ही कल्पना त्या फुंकरीतून जितकी स्वच्छ कळली तितकी ती पानभर विवेचनाने कळली नसती.

अनॅक्झिमँडरचे एकच वाक्य आज त्याच्या शब्दांच्या जवळपास उरले आहे आणि तेही इसवी सनाच्या सहाव्या शतकातील सिम्प्लिशियस या भाष्यकाराने उद्धृत केले म्हणून. वस्तू जेथून उत्पन्न होतात तेथेच आवश्यकतेनुसार लयाला जातात, कारण काळाच्या क्रमानुसार त्या एकमेकांना आपल्या अन्यायाचा दंड भरून देतात, असा त्याचा आशय. उष्णाने शीतावर केलेल्या आक्रमणाची भरपाई शीताने करून घ्यावी, कोरड्याने ओल्याला दाबले तर ओल्याने पुढे डोके वर काढावे, अशी ही न्यायालयीन भाषा. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढचा उन्हाळा सोसून जूनच्या पावसाची वाट पाहणाऱ्या नागपूरकराला ती परकी वाटण्याचे कारण नाही. निसर्गातील बदल हा स्वैर नसून त्याला हिशेब आहे, हा विचार येथे प्रथम दिसतो.

हाच हिशेब इफिससच्या हेराक्लायटसकडे, म्हणजे इ.स.पू. ५०० च्या सुमारास, अधिक खोल होतो. त्याच्यावरील व्याख्यान हे या वर्गातील उत्तम व्याख्यानांपैकी एक होते. ‘एकाच नदीत दोनदा पाऊल टाकता येत नाही’ हे वाक्य सर्वांनी कोठे ना कोठे वाचलेले असते आणि त्यावरून हेराक्लायटस म्हणजे केवळ क्षणभंगुरतेचा प्रवक्ता, असा समज पक्का झालेला असतो. मॅडमनी हा समज पुराव्यानिशी बाजूला सारला. ते वाक्य त्या रूपात प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात येते. स्वतः हेराक्लायटसच्या शब्दांच्या अधिक जवळचे मानले जाणारे वचन निराळे आहे : त्याच नद्यांत उतरणाऱ्यांवरून नवनवे पाणी वाहत जाते. येथे नद्या ‘त्याच’ आहेत आणि पाणी नवे आहे. पाणी वाहत राहते म्हणूनच नदी नदी राहते. वाहणे थांबले तर उरेल ते डबके. म्हणजे बदल हा टिकून राहण्याचा शत्रू नसून काही वस्तूंच्या बाबतीत तो टिकण्याची अटच आहे.

हा मुद्दा आणखी पक्का करण्यासाठी त्यांनी हेराक्लायटसचे दुसरे एक वचन घेतले, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जवाचे पीठ, किसलेले चीज आणि मद्य यांचे एक पेय ग्रीक लोक करीत असत. ते ढवळत राहिले नाही तर त्यातील घटक वेगळे होतात, असे तो म्हणतो. ढवळणे थांबले की पेय संपले. त्यानंतर धनुष्य आणि वीणेसारख्या तंतुवाद्यातील परस्परविरोधी ताण आणि शेवटी विश्वाविषयीचे ते वचन : हे जग कोणा देवाने किंवा मनुष्याने केलेले नाही, तो सदैव जिवंत असलेला अग्नी आहे, मापाने पेटणारा आणि मापाने विझणारा. ‘मापाने’ या शब्दापाशी अनॅक्झिमँडरच्या दंडाची आठवण करून दिली गेली आणि दोन व्याख्याने एकमेकांना जोडली गेली. त्याच्या टोकाच्या शिष्याचा, क्रॅटिलसचा, उल्लेखही आला. नदीत दोनदा काय, एकदाही पाऊल टाकता येत नाही, असे म्हणत त्याने अखेरीस बोलणेच सोडले आणि तो केवळ बोट हलवून दाखवू लागला, असे अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. ही गोष्ट रंजक म्हणून सांगितली गेली नव्हती. सर्वच सर्व प्रकारे बदलत असेल तर कशालाही नाव देणे अशक्य होते, ही पुढे प्लेटोने ‘थीएटेटस’मध्ये मांडलेली अडचण तिच्यात बीजरूपाने आहे, म्हणून ती सांगितली गेली.

या ठिकाणी एक प्रश्न विचारला गेला, जो नागपुरात विचारला जाणे अगदी स्वाभाविक होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या शहरात लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या शहरात ‘सर्व काही अनित्य आहे’ हे वचन घराघरांत माहीत आहे. मागच्या रांगेतील एका वयस्क गृहस्थांनी विचारले की, मॅडम, मग हेराक्लायटस आणि तथागत बुद्ध एकच सांगत आहेत का? अशा प्रश्नावर वक्ते बहुधा दोन्हीकडे एकच सत्य आहे असे म्हणून टाळ्या घेतात, किंवा तुलनाच नको म्हणून प्रश्न झटकतात. मॅडमनी दोन्ही टाळले. दोघांचा काळ जवळचा आहे, परंतु त्यांचा परस्परसंबंध दाखवणारा पुरावा नाही, हे आधी सांगितले. मग फरक सांगितला. हेराक्लायटसला बदलामागील माप आणि नियम दाखवायचा आहे. बुद्धाच्या शिकवणुकीत अनित्यता ही दुःख आणि अनात्म यांच्याशी बांधलेली आहे आणि तिचे प्रयोजन दुःखमुक्ती हे आहे. त्यानंतर त्यांनी ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील दिव्याचे उदाहरण दिले. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच असते काय, असे भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतात. तीच नाही आणि वेगळीही नाही, अशा उत्तराकडे तो संवाद जातो. हा मिलिंद म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातील मिनँडर हा ग्रीक राजा. नदीचा प्रश्न विचारणाऱ्यांच्या वंशजाला ज्योतीचा प्रश्न भारतात विचारला गेला, हे ऐकून प्रश्नकर्त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते शेजारी बसलेल्या आम्हा सर्वांना दिसले. वर्गाची वेळ उलटून गेली तरी त्या दिवशी कोणी उठले नाही.

यानंतरचे दोन शनिवार पार्मेनिडीझला दिले होते. माझ्या मते संपूर्ण वर्गाचा कणा तोच आहे. दक्षिण इटलीतील इलिया येथील हा विचारवंत इ.स.पू. ५१५ च्या सुमारास जन्मला. त्याने लिहिलेल्या एकमेव काव्याच्या सुमारे दीडशे ओळी आज उपलब्ध आहेत. काव्यात एक तरुण रथात बसून देवीकडे जातो आणि देवी त्याला दोन मार्ग सांगते : ‘आहे’ हा एक आणि ‘नाही’ हा दुसरा. दुसऱ्या मार्गाने जाताच येत नाही, कारण जे नाही त्याचा विचारही करता येत नाही आणि त्याविषयी बोलताही येत नाही. एवढे मान्य केले की पुढचे आपोआप येते. जे आहे ते उत्पन्न झाले असेल तर कशापासून? असत् पासून, म्हणजे जे नाही त्यापासून, म्हणता येत नाही, कारण असत् ची भाषाच बंद झाली आहे. सत् पासून, म्हणजे जे आहे त्यापासून, म्हणावे तर ते आधीच होते. नवे काहीच उत्पन्न झाले नाही. नाशाचीही हीच गत. म्हणून सत् हे अजन्मा, अविनाशी, अखंड आणि अचल आहे, आणि ज्याला आपण परिवर्तन म्हणतो तो मर्त्यांचा भ्रम आहे.

मॅडमनी हा युक्तिवाद एकेका पायरीने फळ्यावर मांडला आणि प्रत्येक पायरीवर वर्गाला विचारले की, ही मान्य नसेल तर का नाही? एका पायरीवर त्यांनी विशेष भर दिला. शून्यातून काही निर्माण झाले असे क्षणभर मानले, तरी ते आधी किंवा नंतर न होता नेमके त्याच क्षणी होण्याची गरज कोणती, असे देवी विचारते. जेथे काहीच नाही तेथे एका क्षणाला दुसऱ्यापेक्षा पसंती देणारेही काही नाही. पुरेसे कारण असल्याशिवाय काही घडत नाही, या तत्त्वाचा इतका जुना आणि इतका नेमका वापर येथे आहे. विश्वाच्या आरंभाविषयी बोलताना आजही हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. वर्गातील बहुतेकांना निष्कर्ष हास्यास्पद वाटत होता. परंतु कोणती पायरी नाकारायची हे कोणालाच सांगता येईना. मग मॅडमनी एवढेच म्हटले की, पार्मेनिडीझनंतरच्या ग्रीकांचीही हीच स्थिती होती, आणि पुढचे शतक त्यांनी ती पायरी शोधण्यात घालवले. अवघ्या अभ्यासवर्गाला दिशा देणारे हे वाक्य होते.

त्याच्यानंतर त्याचा शिष्य झीनो, ज्याने गती अशक्य ठरवणारी कोडी रचली. येथे माझी पहिली तक्रार आहे. अकिलीस आणि कासव यांच्या शर्यतीवर जवळजवळ पूर्ण एक सत्र खर्च झाले. पुढे असलेले कासव जेथे होते तेथे अकिलीस पोहोचेपर्यंत ते थोडे आणखी सरकलेले असते, आणि असे अनंत वेळा होत राहते, म्हणून तो त्याला कधीच गाठू शकत नाही, असे हे कोडे. अकिलीसचा वेग कासवाच्या दहापट आणि कासवाला १०० मीटरची आघाडी असे धरले तर तो कासवाला १११ पूर्णांक एक नवमांश मीटरवर गाठतो, हे भूमिती श्रेणीची बेरीज येणाऱ्या कोणालाही काढता येते आणि वर्गातील एका अभियंत्याने ते पाच मिनिटांत फळ्यावर काढूनही दाखवले. बेरीज ‘कोठे’ याचे उत्तर देते, परंतु अनंत पायऱ्या ‘पूर्ण होणे’ म्हणजे काय याचे उत्तर देते का, हा मॅडमचा प्रतिप्रश्न रास्त होता. तो एकदा विचारल्यावर मात्र पुढे जायला हवे होते. त्यामुळे बाणाचे कोडे मागे पडले. परिवर्तनाच्या दृष्टीने ते अधिक मूलगामी आहे. उडणारा बाण कोणत्याही एका क्षणी आपल्याएवढीच जागा व्यापून असतो, म्हणजे त्या क्षणी तो हलत नाही. सर्व क्षणी हीच स्थिती, तर तो हलतो कधी? काळ हा सुट्या क्षणांचा बनलेलाच नाही, असे अ‍ॅरिस्टॉटलचे उत्तर आहे, आणि गती ही क्षणाची नव्हे तर कालावधीची गोष्ट आहे हे त्यातून निघते. हे उत्तर दोन वाक्यांत उरकले गेले.

पुढील सत्रे पुन्हा उत्तम होती. एम्पेडोक्लीज, अनॅक्झागोरस आणि परमाणुवादी या तिघांना एका फळ्यावर शेजारी शेजारी ठेवण्यात आले, कारण तिघेही पार्मेनिडीझचे एक म्हणणे मान्य करतात : शून्यातून काही येत नाही आणि काही शून्यात जात नाही. ते नाकारतात ती त्याची दुसरी गोष्ट, म्हणजे सत् एकच आहे ही. सत् अनेक आहेत असे मानले की त्यांच्या मिसळण्याने आणि विलग होण्याने जगातील सर्व बदल समजावता येतो. सिसिलीतील अक्रागासचा एम्पेडोक्लीज पृथ्वी, जल, वायू आणि अग्नी ही चार मुळे मानतो आणि त्यांना जोडणारी प्रीती व तोडणारा कलह अशा दोन शक्ती सांगतो. जन्म हे केवळ माणसांनी दिलेले नाव आहे, असे तो म्हणतो. चित्रकार मोजके रंग मिसळून झाडे, पशू, माणसे आणि देवही रंगवतात, हा त्याचा दाखला फार सुंदर आहे.

अनॅक्झागोरसला चार मुळे पुरेशी वाटत नाहीत. केस नसलेल्यातून केस आणि मांस नसलेल्यातून मांस कसे येईल, असा त्याचा सरळ प्रश्न आहे. आपण भाकरी खातो आणि त्यातून रक्त, हाड, मांस, केस तयार होतात. म्हणजे ते सर्व भाकरीत अगोदरच असले पाहिजे, फक्त इतक्या सूक्ष्म प्रमाणात की दिसत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूत प्रत्येक वस्तूचा अंश आहे. सांख्यांच्या सत्कार्यवादाची, कार्य हे कारणात आधीच असते या मताची, आठवण येथे अनेकांना झाली आणि मॅडमनी तिला पाच मिनिटे दिलीही.

परमाणुवादाचे सत्र मला सर्वांत नेटके वाटले. ल्युसिपस आणि अब्डेराचा डिमॉक्रिटस हे पार्मेनिडीझच्या सत् चे अक्षरशः तुकडे करतात. प्रत्येक परमाणू अजन्मा, अविनाशी आणि आतून अखंड आहे. परंतु परमाणू असंख्य आहेत आणि त्यांच्यामध्ये पोकळी आहे. ही पोकळी म्हणजे ते ‘नाही’, आणि ते ‘आहे’पेक्षा काही कमी अस्तित्वात नाही, असे हे दोघे धीटपणे म्हणतात. वस्तूंतील भेद परमाणूंच्या आकाराने, क्रमाने आणि ठेवणीने होतात. अ‍ॅरिस्टॉटलने हे समजावताना ग्रीक अक्षरांचा आधार घेतला होता. मॅडमनी क्रमाचा भेद फळ्यावर ‘नव’ आणि ‘वन’ लिहून दाखवला. अक्षरे तीच, एकही नवे आले नाही, एकही नाहीसे झाले नाही, तरी वस्तू बदलली. दहावीतला मुलगाही हे विसरणार नाही. येथे एका गोष्टीची उणीव जाणवली. कणादाच्या वैशेषिक दर्शनातही परमाणू आहेत, आणि कच्चा घडा भट्टीत भाजून लाल होतो तेव्हा नेमके काय बदलते, यावर आपल्याकडे मोठा वाद झालेला आहे. घडा परमाणूंपर्यंत सुटा होतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळतात, असे वैशेषिक म्हणतात. घडा अखंड राहूनच त्याचा रंग बदलतो, असे नैयायिक म्हणतात. डिमॉक्रिटसच्या परमाणूला रंगच नसतो. रंग, चव, उष्णता ही त्याच्या मते लोकव्यवहारापुरती आहेत. हा भेद समोर ठेवला असता तर दोन्ही परमाणुवादांची खरी जात कळली असती.

प्लेटोवरील सत्र बरे होते, त्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. बदलणाऱ्या इंद्रियगोचर जगामागे न बदलणारे आकार, म्हणजे वस्तूंची मूळ रूपे, असतात, ही त्याची भूमिका बहुतेकांना आधीच माहीत होती.

आता मुख्य तक्रार. ज्याच्याकडे हा सगळा वाद शेवटी न्यायनिवाड्यासाठी येतो, त्या अ‍ॅरिस्टॉटलला एकच सत्र मिळाले आणि त्यातलाही बराच वेळ इ.स.पू. ३८४ ते ३२२ या त्याच्या आयुष्यातील घडामोडी, प्लेटोच्या ॲकॅडमी या विद्यापीठातील सुमारे वीस वर्षे आणि अलेक्झांडरचे शिक्षण यांत गेला. इतर कोणाच्याही चरित्राला वर्गात जागा दिली नव्हती, त्यामुळे हे अधिकच खटकले. त्यातूनही पूर्वार्ध चांगला झाला. प्रत्येक बदलात तीन गोष्टी असतात : बदलातून टिकून राहणारा आधार, येणारा आकार आणि त्या आकाराचा आधीचा अभाव. गायन न येणारा माणूस गायक होतो, तेव्हा माणूस टिकतो, गायनाचा अभाव जातो आणि गायन येते. म्हणजे पार्मेनिडीझचा पेच चुकीच्या विभागणीवर उभा होता. गायक हा ‘नाही’तून येतो खरा, पण निव्वळ असत् मधून नव्हे, ज्याच्यात गायन नाही पण येऊ शकते अशा माणसातून येतो. वैद्य घर बांधतो तेव्हा तो वैद्य म्हणून बांधत नाही, बांधणारा म्हणून बांधतो, हा अ‍ॅरिस्टॉटलचाच दाखला येथे दिला गेला. पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलेल्या दोन वाक्यांचे उत्तर येथे प्रथमच पूर्णपणे हाती आले.

परंतु परिवर्तनाची व्याख्या उरलेल्या वीसेक मिनिटांत सांगितली गेली. जे शक्यतेच्या रूपात आहे त्याची, ते शक्य आहे याच नात्याने असलेली प्रत्यक्षता म्हणजे गती, असे काहीसे ते वाक्य आहे आणि एकदा ऐकून कोणालाही कळणे शक्य नाही. अ‍ॅरिस्टॉटल स्वतः घराचे उदाहरण देतो आणि धरमपेठेत ते रस्त्यावर उतरले की समोरच दिसते. जुने बंगले पाडून फ्लॅट स्कीम उभ्या राहत आहेत आणि फूटपाथवर विटांची चळत लागलेली असते. त्या विटांत घर होण्याची शक्यता आहे. त्या नुसत्या पडून असतात तेव्हा ती शक्यता निजलेली असते. इमारत पूर्ण झाली की घर प्रत्यक्ष असते आणि बांधले जाण्याची शक्यता संपलेली असते. या दोहोंच्या मध्ये, गवंडी थरावर थर चढवत असतो तेवढ्या काळापुरतीच ‘बांधले जाणे’ ही शक्यता शक्यता म्हणूनच प्रत्यक्षात असते. तिलाच अ‍ॅरिस्टॉटल गती म्हणतो. गतीची व्याख्या गतीचाच शब्द न वापरता करण्याचा हा प्रयत्न आहे आणि त्याच्या आधीच्या एकानेही तो केलेला नव्हता. यासाठी एक स्वतंत्र शनिवार हवा होता. द्रव्य, आकार, कर्ता आणि प्रयोजन या त्याच्या चार कारणांची केवळ नावे आली. गती अनादी आहे म्हणून तिला शेवटी स्वतः न हलणारा चालक हवा, हा त्याचा निष्कर्ष तर वेळ संपल्यामुळे सांगताच आला नाही; तो भाग टिपणात वाचून घ्या, असे सांगण्यात आले आणि ते टिपण व्हॉट्सअ‍ॅपवर बऱ्याच उशिरा आले.

व्यवस्थेविषयी थोडे. शुल्क माफक होते. प्रत्येक सत्राआधी मूळ वचनांच्या मराठी अनुवादाची झेरॉक्स मिळत असे आणि ती जपून ठेवण्याजोगी आहे. सभागृह लहान, पंखे जुने आणि आवाज करणारे. मागे बसणाऱ्यांना माइक असूनही मधूनमधून ऐकू येत नसे. लिफ्ट नसल्यामुळे गुडघेदुखीच्या ज्येष्ठांना जिना चढणे जड जात होते, आणि वर्गात ज्येष्ठांचीच संख्या अधिक होती, त्यामुळे आयोजकांनी याचा गांभीर्याने विचार करावा. ध्वनिमुद्रण उपलब्ध करून देण्याची मागणी अनेकांनी केली. ती अद्याप मान्य झालेली नाही.

तत्त्वज्ञानाची पदवी नसलेल्यांनी बिचकण्याचे कारण नाही. वर्गात बँकेतून निवृत्त झालेले होते, शाळेतल्या विज्ञानशिक्षिका होत्या, अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, आणि फळ्यावरील पायऱ्यांवर सर्वांत धारदार आक्षेप घेणाऱ्या बाई शिवणकामाचा व्यवसाय करणाऱ्या होत्या. तयार उत्तरे हवी असणाऱ्यांची मात्र येथे निराशा होईल. प्रश्न सोसायची तयारी असेल तरच यावे. नव्या तुकडीची नोंदणी दिवाळीनंतर सुरू होईल असे आयोजकांनी सांगितले आहे. त्यांनी अकिलीस आणि कासवाचे सत्र निम्म्यावर आणून तो वेळ अ‍ॅरिस्टॉटलच्या व्याख्येला द्यावा, अशी लेखी विनंती आम्ही काही जणांनी केली आहे. नाव नोंदवणाऱ्यांनी एखादा शनिवार चुकवणे भागच असेल तर प्लेटोचा चुकवावा. पार्मेनिडीझच्या दोन शनिवारांपैकी एकही चुकवू नये, कारण त्यानंतरच्या प्रत्येकाचे बोलणे त्याला दिलेले उत्तर आहे, आणि तो युक्तिवाद स्वतः पायरीपायरीने चढल्याशिवाय पुढच्यांनी कोणती पायरी का काढून टाकली हे टिपणे वाचून कळत नाही.